ख्मेर फॉन्टचं पॅकेज बसवलं तरी अक्षरं तुटतात? काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

लिनक्ससाठी मुक्त परवान्याचे फॉन्ट पॅकेज करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. त्यात ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या भाषेच्या, फॉन्टच्या तक्रारी पुन्हा पुन्हा येतात, आणि दर वेळी पहिला संशय फॉन्टवरच घेतला जातो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा फॉन्टच्या आसपास असतो: जुनी प्रत, चुकीचा क्रम किंवा बिघडलेलं बिल्ड (सोर्सवरून फॉन्टची फाइल तयार करण्याची पायरी). म्हणून फॉन्टच्या फाइलला हात सर्वांत शेवटी लावायचा. खाली कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती रोमनमध्येच करा.

लक्षणं

- ख्मेर मजकुराच्या जागी नुसते चौकोनी डबे.
- अक्षरं दिसतात, पण व्यंजनाखाली बारीक अधिकचिन्ह लटकतं आणि पुढचं व्यंजन खाली बसण्याऐवजी ओळीतच पूर्ण आकारात उभं राहतं.
- मजकुरात मध्येच ठिपक्यांची वर्तुळं.
- एखाद्या स्वराचा डावा तुकडा दोनदा उमटतो.
- वरची चिन्हं किंवा खालची रूपं छाटली जातात.
- ख्मेर ठीक, पण पॅकेज बसवल्यापासून इंग्रजी मेनू वेगळ्याच वळणाचे दिसू लागले.
- ख्मेरऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक रांग.
- एका प्रोग्राममध्ये नीट, दुसऱ्यात किंवा पीडीएफमध्ये तुटकं.

यातले डबे सर्वांत भीतिदायक वाटतात, पण तेच सर्वांत निरुपद्रवी. डबा दिसला की काहीतरी बिघडलंय हे कोणालाही कळतं. भीती वाटायला हवी ती नीटनेटक्या दिसणाऱ्या चुकीच्या अक्षराची. ख्मेर वाचता न येणाऱ्या पॅकेजकर्त्याला ते दिसत नाही, आणि नोम पेन्हमधल्या वाचणाऱ्याला ते पहिल्याच ओळीत खटकतं. त्याचं उदाहरण पुढे देतो.

ख्मेरलाच हे इतकं का होतं

ख्मेर लिपी पल्लव लिपीतून आलेली, म्हणजे मुळात ब्राह्मी कुळातलीच. त्यामुळे मराठी वाचकाला तिची रचना चटकन कळते. व्यंजनाला व्यंजन जोडायचं तर मधे एक चिन्ह टाकावं लागतं, यूनिकोडमध्ये त्याचा क्रमांक १७डी२. आपल्या हलन्तासारखंच हे काम, पण एक मोठा फरक आहे. हलन्त एरवी दिसला तरी चालतो, १७डी२ मात्र लिखाणात कधीच दिसायचं नसतं (लक्षणांतलं बारीक अधिकचिन्ह ते हेच). ते फक्त इशारा देतं की पुढचं व्यंजन आता खालच्या रूपात येऊ दे. काही स्वर व्यंजनानंतर टाइप होतात पण डावीकडे दिसतात, काही स्वर दोन तुकड्यांत फुटून व्यंजनाच्या दोन्ही बाजूंना बसतात, आणि जोडलेला 'र' खाली न जाता डावीकडून येतो.

हे सगळं दोघं मिळून करतात. मजकूर रचणारी लायब्ररी (लिनक्सवर बहुधा हार्फबझ) क्रम बदलते, आणि फॉन्टमधला जीसब नावाचा, आकृती बदलण्याच्या नियमांचा, तक्ता योग्य आकृती पुरवतो. या दोघांपैकी एकाचं जरी काम अर्धवट झालं तरी वरच्या यादीतलं काही ना काही दिसतं.

आधी मजकूर तपासा, फुकटात होतं

निरर्थक रोमन अक्षरं दिसत असतील तर पॅकेजकडे वळूच नका. यूनिकोडमध्ये ख्मेर १९९९ साली, तिसऱ्या आवृत्तीत आली. त्याआधी आणि त्यानंतरही बराच काळ कंबोडियात लिमोनसारखे जुने फॉन्ट चालायचे. त्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर ख्मेर आकृत्या बसवलेल्या असायच्या. शिवाजी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी फाइल ज्यांनी उघडून पाहिली आहे त्यांना हा प्रकार नव्याने सांगायला नको. अशा मजकुराला कन्व्हर्टर लागतो, कोणताही यूनिकोड फॉन्ट तो वाचू शकणार नाही. खात्री करायला दोन अक्षरं साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा. रोमन दिसली तर प्रश्न तिथेच संपला.

ठिपक्यांची वर्तुळंही बहुधा मजकुरातूनच येतात. ख्मेरमध्ये टाइप करण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी मूळ व्यंजन, मग खालची रूपं, स्वराचा उच्चार बदलणारं चिन्ह, मग स्वर, आणि शेवटी इतर चिन्हं. पानावर सारखं दिसतं म्हणून कोणी क्रम उलटा टाइप केला तर लायब्ररी वर्तुळ दाखवून सांगते की इथे आधार सापडत नाही. हे वर्तुळ दडपू नका, ते बरोबर काम करतंय. फक्त एकाच फॉन्टमध्ये आणि शुद्ध मजकुरावर वर्तुळ दिसलं, तरच पुढे जा.

याच्याच जवळची एक तक्रार म्हणजे 'शोधल्यावर शब्द सापडत नाही'. १७८ए आणि १७८एफ या दोन व्यंजनांची खालची रूपं हुबेहूब सारखी दिसतात. टाइप करणाऱ्याने कोणतंही वापरलं तरी पानावर फरक पडत नाही, शोधताना पडतो. हा फॉन्टचा दोष नाही, आणि पॅकेजमधून तो सुटणार नाही.

सिस्टिमला फॉन्ट दिसतोय का

टर्मिनलवर एफसी-लिस्ट (बसवलेल्या फॉन्टांची यादी देणारी कमांड) चालवा आणि भाषा म्हणून केएम, हा ख्मेरचा कोड, द्या. यादीत तुमचा फॉन्ट नसेल तर तीन गोष्टी पाहा. फाइल वाचण्याची परवानगी सर्वांना आहे का (फाइलला ६४४, फोल्डरला ७५५)? ती फॉन्टकॉन्फिग (लिनक्सवर फॉन्ट शोधून निवडणारी लायब्ररी) जिथे पाहतं त्याच फोल्डरात उतरली आहे का? आणि एफसी-कॅशे (साठवलेली फॉन्टांची यादी, म्हणजे कॅशे, ताजी करणारी कमांड) जबरदस्तीने चालवल्यावर ती यादीत येते का? आली तर पॅकेज बसताना कॅशे ताजा होत नाहीये. डेबियन या लिनक्स वितरणात हे काम फॉन्टकॉन्फिगचा ट्रिगर आपोआप करतो, त्यासाठी पॅकेजमध्ये वेगळी स्क्रिप्ट लिहू नये. त्यानंतर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, कारण चालू प्रोग्राम जुनीच यादी धरून बसलेला असतो.

फॉन्ट नुसत्या एफसी-लिस्टमध्ये दिसतो, पण केएम लावल्यावर गायब होतो, असंही घडतं. एखादा फॉन्ट ख्मेर 'बोलतो' की नाही हे फॉन्टकॉन्फिग त्यातली अक्षरं मोजून ठरवतं. आवश्यक यादीतली काही अक्षरं नसली की तो फॉन्ट ख्मेरसाठी पुढे येतच नाही. एफसी-व्हॅलिडेट चालवलं की नेमकी कोणती कमी आहेत ते क्रमांकानिशी कळतं. फेडोरा या दुसऱ्या वितरणात याचा आणखी एक परिणाम होतो: त्याचं आरपीएम प्रकारचं पॅकेज कोणत्या भाषा पुरवतं ही नोंद याच तपासणीतून आपोआप तयार होते, त्यामुळे अक्षरं कमी असलेलं पॅकेज ख्मेर पुरवतं अशी नोंदच होत नाही.

जुन्या प्रती हुडका

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा दोष इथेच सापडतो, म्हणून कंटाळा न करता हे करा.

ख्मेर ओएस हे फॉन्ट ओपन फोरम ऑफ कंबोडियाच्या प्रकल्पातून आले आणि एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वत्र पसरले. सीडी, झिप, पेन ड्राइव्ह, शाळांच्या लॅब, सरकारी कार्यालयं, सगळीकडे ते हाताने बसवले गेले. त्यामुळे यूएसआर-शेअर-फॉन्ट्समध्ये तुमची नवी प्रत आणि वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरात, लपलेल्या डॉट-फॉन्ट्स किंवा डॉट-लोकलच्या आत, त्याच नावाची जुनी प्रत, असं सर्रास आढळतं. फॉन्टच्या कुटुंबाचं (म्हणजे एका फॉन्टच्या सगळ्या वळणांचं मिळून) नाव एकच असल्याने कोणती उचलली जाईल याचा भरवसा नसतो. एक प्रोग्राम नवी उचलतो, दुसरा जुनी. 'इथे नीट, तिथे तुटकं' ही तक्रार बहुधा अशीच जन्माला येते.

एफसी-लिस्टला फाइलचा मार्ग, कुटुंबाचं नाव आणि आवृत्ती असे तीन रकाने मागा. एका नावासमोर दोन मार्ग दिसले की जुनी प्रत बाजूला हलवा (लगेच डिलीट करू नका), कॅशे ताजा करा, पुन्हा पाहा. डेबियनमध्ये टीटीएफ-ख्मेरओएस हे जुनं पॅकेजनाव जाऊन फॉन्ट्स-ख्मेरओएस आलं. वर्षानुवर्षं अपग्रेड होत आलेल्या मशीनवर जुन्या पॅकेजांचे अवशेष राहू शकतात. नुसतं रिमूव्ह केलं की ईटीसी या फोल्डरातल्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात, त्यासाठी पर्ज करावं लागतं.

आणि नावांच्या सारखेपणाने फसू नका. 'ख्मेर ओएस बट्टमबंग' आणि गूगल फॉन्ट्समधला 'बट्टमबंग' ही दोन वेगळी कुटुंबं आहेत. एकाची दुरुस्ती दुसऱ्याला लागू होत नाही.

निवड कोणाची होतेय

एफसी-मॅच या कमांडला सान्स (साध्या वळणाच्या फॉन्टांचं सर्वसाधारण नाव) आणि केएम द्या. ख्मेरसाठी कोणता फॉन्ट निवडला जातो ते कळेल. मग भाषा न देता नुसतं सान्स विचारा. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ख्मेर फॉन्ट आलं तर इंग्रजी मेनू का बदलले ते सापडलं.

ख्मेर फॉन्टांत बहुधा रोमन अक्षरंही असतात. फॉन्टकॉन्फिगच्या फाइली क्रमांकाच्या क्रमाने वाचल्या जातात: ६० क्रमांकाची फाइल लॅटिन फॉन्टांची, ६५ क्रमांकाची इतर लिप्यांची. पॅकेजने आपली सेटिंगची फाइल ६० च्या आधी ठेवली, किंवा भाषेची अट न घालता 'हाच फॉन्ट आधी घ्या' असं लिहिलं, तर ख्मेर फॉन्ट सगळ्या डेस्कटॉपचा मालक होतो. उपाय सोपा आहे: क्रमांक ६५ किंवा पुढचा, आणि नियमात केएम भाषेची अट. वापरणाऱ्याच्या मशीनवर तात्पुरतं दुरुस्त करून थांबू नका, पॅकेजमध्ये दुरुस्त करा. ज्यांना ख्मेर येतही नाही अशा लोकांचे मेनू यामुळे बिघडतात, आणि त्यांच्यापैकी कोणालाही ख्मेर फॉन्टचा संशय येत नाही.

पाच शब्दांची चाचणी

इथवर सगळं नीट असेल तर आता रचना तपासायची. हार्फबझसोबत येणारी एचबी-व्ह्यू ही कमांड चित्र देते, एचबी-शेप आकृत्यांची नावं देते. दोन्ही वापरा. फॉन्टची फाइल थेट देता येते, त्यामुळे फॉन्टकॉन्फिग मधे येत नाही आणि दोष नेमका कुठे आहे ते वेगळं पाडता येतं. मी कायम हे पाच शब्द ठेवतो.

'ख्मेर' हा शब्दच घ्या: १७८१, १७डी२, १७९८, १७सी२, १७९ए. पाच कोड आत जातात, बहुतेक फॉन्टांत चार आकृत्या बाहेर येतात: आधी डावीकडचा स्वर, मग ख, त्याखाली म, शेवटी र. पाच आकृत्या आल्या आणि त्यांत १७डी२ स्वतंत्र दिसला, तर खालच्या रूपांचे नियम लागूच झालेले नाहीत.

'स्रेइ', म्हणजे स्त्री: १७९एफ, १७डी२, १७९ए, १७बी८. इथे र डावीकडून यायला हवा, स च्या खालून वळसा घालून. पहिला शब्द नीट आणि हा तुटका असेल तर प्रेफ हे एकच फीचर (जीसबमधला एका कामाचा नियमसंच) गायब आहे.

'कोह', म्हणजे बेट: १७८०, १७सी४, १७सी७. स्वर दोन बाजूंना फुटायला हवा. लायब्ररी डावा तुकडा वेगळा काढते, उजवीकडे उरलेल्या स्वराची आकृती बदलणं हे फॉन्टचं काम. फॉन्टने ते केलं नाही तर डावा तुकडा दोनदा दिसतो.

'सी', म्हणजे खाणे: १७९एफ, १७सीए, १७बी८. डोक्यावरचं चिन्ह (१७सीए) वर स्वर आल्यावर खाली उतरून वेगळा आकार घेतं. दोन्ही वरच एकमेकांवर चढलेले दिसले तर नियम अपुरा.

आणि पाचवा 'बान': १७९४, १७बी६, १७९३. हा शब्द जवळपास प्रत्येक परिच्छेदात येतो. ब ला आ लावला की ख्मेरमध्ये खास जोडरूप वापरतात. कारण ते न वापरता दोन आकृत्या नुसत्या शेजारी ठेवल्या तर दिसतं ते ह हे अक्षर. सुरुवातीला म्हटलं ते उदाहरण हेच. पानावर डबा नाही, वर्तुळ नाही, अधिकचिन्ह नाही, सगळं देखणं, आणि मजकूर चुकीचा. मुलांच्या पुस्तकात किंवा औषधाच्या सूचनेत हे गेलं तर काय होईल याचा विचार करा. पॅकेज प्रसिद्ध करण्याआधी ही एक चाचणी तरी कराच.

आता हीच चाचणी मूळ लेखकांनी दिलेल्या फाइलवर करा. मूळ नीट आणि पॅकेजमधली तुटकी, तर दोष बिल्डमध्ये. दोन्ही तुटक्या, तर दोष मूळ फॉन्टमध्ये. दोन्ही नीट आणि तरीही प्रोग्राममध्ये तुटकं, तर त्या प्रोग्रामची स्वतःची रचना-लायब्ररी जुनी आहे. उदाहरणार्थ, लिब्रेऑफिसने सर्व प्लॅटफॉर्मवर हार्फबझ वापरायला २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सुरुवात केली. त्याआधीची आवृत्ती असेल तर फॉन्टशी झुंजण्यात अर्थ नाही, अपग्रेड करायला सांगा.

बिल्डमध्ये काय बिघडतं

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे तयार टीटीएफ (फॉन्टची) फाइल फॉन्टफोर्ज या फॉन्ट-एडिटरमध्ये उघडून पुन्हा बाहेर काढणं. हेतू चांगला असतो, एखादं नाव दुरुस्त करायचं किंवा परवान्याची ओळ टाकायची. पण या फेऱ्यात जीसबचे नियम जसेच्या तसे परत येतील याची हमी नाही. फक्त नावाचा तक्ता बदलायचा असेल तर फॉन्टटूल्स या साधनसंचाने तेवढाच तक्ता बदला. मूळ सोर्स उपलब्ध असेल तर लेखकांनी वापरलेलं साधन आणि त्याची आवृत्ती शोधून त्यानेच बिल्ड करा. सोर्सवरून बिल्ड करण्याचा डेबियनचा आग्रह मला मान्य आहे. पण बिल्ड झालेली फाइल मूळ फाइलशी ताडून पाहिल्याशिवाय तो आग्रह वापरणाऱ्याच्या कामाचा नाही. फॉन्टटूल्समधल्या टीटीएक्सने दोन्ही फाइलींचे जीसब तक्ते मजकुरात काढा आणि फरक दाखवणारी डिफ ही कमांड लावा. लिपीचा टॅग केएचएमआर आहे ना, आणि प्रेफ, बीएलडब्ल्यूएफ, एबीव्हीएफ, पीएसटीएफ ही फीचर्स त्याखाली आहेत ना, हे आधी पाहा.

वेबसाठी छोटी फाइल करताना आणखी एक चूक होते. लोक १७८० ते १७एफएफ एवढाच पट्टा ठेवतात. २००बी, २००सी, २००डी आणि २५सीसी हेही ठेवायला हवेत. ख्मेरमध्ये शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ओळ तोडण्यासाठी अदृश्य २००बी टाकतात. २००सी आणि २००डी ही अक्षरं तोडणारी-जोडणारी अदृश्य चिन्हं. २५सीसी म्हणजे तेच ठिपक्यांचं वर्तुळ. फॉन्टमध्ये ते नसेल तर हार्फबझ ते दाखवू शकत नाही आणि टाइपिंगची चूक झाकली जाते.

छाटली जाणारी अक्षरं

ख्मेरचा मजकूर उंचच उंच असतो: वर चिन्हं, खाली एकाखाली एक रूपं. फॉन्टमध्ये उंचीचे तीन वेगळे संच असतात आणि वेगवेगळे प्रोग्राम वेगवेगळे वाचतात, विंडोजवर छाटणी विन-असेंट आणि विन-डिसेंट (वरची आणि खालची मर्यादा) या आकड्यांवरून ठरते. आधी प्रोग्राममध्ये ओळींचं अंतर वाढवून पाहा. तेवढ्याने भागलं तर तिथेच थांबा. पॅकेजमध्ये हे आकडे बदलले की लोकांची जुनी कागदपत्रं पानापानाला सरकतात, आणि ती सरकलेली पानं तुम्हाला कधीच दिसणार नाहीत.

इथे थांबा

जीसबमध्ये नियमच नसेल आणि तुम्हाला ख्मेर वाचता येत नसेल, तर स्वतः नियम लिहू नका. ख्मेर वाचणाऱ्या फॉन्टकाराचं ते काम आहे. शीर्षकांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'मूल' नावाच्या शैलीत तर आकृत्या साध्या शैलीपेक्षा इतक्या वेगळ्या असतात की नजरेने अंदाज बांधता येत नाही. ञ चंच पाहा: त्याखाली दुसरं रूप आलं की त्याचा स्वतःचा खालचा भाग गळतो, आणि खालचं रूप ञ चंच असेल तर नियम आणखी वेगळा. पाली 'पञ्ञा'वरून आलेल्या शब्दात हे दिसतं.

परवान्यापाशीही थांबा. ओएफएल हा मुक्त फॉन्ट-परवाना असलेल्या फॉन्टमध्ये राखीव नाव नोंदवलेलं असेल तर बदललेली फाइल त्याच नावाने वाटता येत नाही. पीडीएफमध्ये फॉन्ट उतरत नसेल तर ओएस-२ तक्त्यातला एफएस-टाइप (फॉन्ट कागदपत्रात उतरवायची परवानगी सांगणारा आकडा) पाहा, पण तो आकडा परस्पर बदलू नका. मूळ लेखकांना विचारा. व्यावसायिक छपाई किंवा उपकरणात घालण्याचा प्रश्न असेल तर परवान्यांचं काम करणाऱ्या वकिलाला.

मूळ लेखकांना कळवताना फॉन्टची आवृत्ती, हार्फबझची आवृत्ती, शब्दाचे कोड क्रमाने, एचबी-शेपचं उत्तर आणि एचबी-व्ह्यूचं चित्र, एवढं द्या. स्क्रीनशॉट एकटा पाठवू नका, चित्रावरून टाइप केलेला क्रम कळत नाही. उत्तर येईपर्यंत वापरणाऱ्यांना नोटो सान्स ख्मेर किंवा एसआयएल या संस्थेचा मोंडुलकिरी बसवून द्या, आणि तुटकी आवृत्ती भांडारात चढवली असेल तर ती मागे घेऊन आधीची परत ठेवा.